कॅन धुतला होता, सर!

बसा सगळे. माफीनाम्याचे सातही कागद मी वाचले. सातांत शब्द न शब्द तोच आहे, म्हणजे एकाने लिहिलं आणि बाकीच्या सहांनी उतरवून काढलं. ते कागद जाताना परत घेऊन जा. मला माफी नको आहे. आज विज्ञानाचा तास होणार नाही, भूमितीचाही होणार नाही. आज तुम्ही फक्त ऐकायचं आहे, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी जागेवरून हलायचं नाही.

टेबलावर काय ठेवलंय ते नीट बघा. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. झाकणाला सुतळी बांधलेली, बाहेरून घासूनपुसून लख्ख केलेला. शनिवारी हा कॅन जांभूळबेटाच्या सहलीला निघालेल्या होडीत होता, आणि यातलं पाणी तुम्ही अडतीस लेकरांना पाजणार होता.

काय घडलं ते मी पुन्हा सांगतो, कारण दोन दिवसांत तुम्ही त्याची गंमत करून टाकली आहे. वर्गात मी शिरलो तेव्हा मागच्या बाकावर त्याची नक्कल चालली होती. होडी काठ सोडून गोदावरीच्या पात्रात आली होती. ऊन डोक्यावर होतं. मोठ्या बहिणीबरोबर आलेली सहावीतली मुलगी तहानली, तिनं पाणी मागितलं. तुम्ही या कॅनमधून फुलपात्र भरून दिलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, “पाणी कडू लागतंय.” तुम्ही हसलात. “नखरे करू नको, इथं काय जारचं थंड पाणी मिळणार आहे का,” हे तुमच्यातल्याच एकाचे शब्द, माझ्या कानांनी ऐकलेले. आणि तुमच्या हसण्याला लाजून त्या लेकराने दुसरा घोट घेतला.

तो दुसरा घोट मला दोन रात्री झोपू देत नाही. पहिला अजाणतेपणी गेला. दुसरा तुम्ही घ्यायला लावलात. जिभेने तिला खरं सांगितलं होतं आणि तिनं ते मोठ्यांदा बोलूनही दाखवलं होतं. दहावीतल्या सात जणांनी मिळून तिला खोटं पाडलं.

मी होडीच्या दुसऱ्या टोकाला मुलं मोजत होतो. उठून आलो, फुलपात्र नाकाशी धरलं. रॉकेलसारखा उग्र वास. कॅन आडवा केला तर बुडाशी खरवडलेलं लेबल, आणि त्यावर एका तिरप्या चौकोनाचा उरलेला कोपरा. पिवळा. विज्ञानाच्या तासाला हा चौकोन मी फळ्यावर काढून दाखवला होता. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकावर तो असतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल सर्वांत जहाल, त्याच्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. चाचणीत दोन गुणांचा प्रश्न होता आणि तुमच्यापैकी पाच जणांना दोनपैकी दोन मिळाले होते. कागदावर रंग ओळखलात. हातात कॅन आला तेव्हा तोच रंग ब्लेडने खरवडून काढलात.

होडी मी तशीच मागे फिरवली. तुमच्यातला एक जण ते पाणी नदीत ओतायला उठला होता, त्याचं मनगट मी धरलं. का धरलं हे त्याला अजून कळलेलं दिसत नाही. याच गोदावरीचं पाणी पुढे विष्णुपुरीत जातं आणि नांदेड ते पितं. आपल्याला प्यायला नको म्हणून दुसऱ्याच्या घागरीत ओतायचं?

मुलीला दवाखान्यात नेलं. रात्रभर तिथं ठेवलं, सकाळी घरी पाठवलं. ती वाचली यात तुमचा काडीचाही वाटा नाही. घोट लहान होते आणि कॅनमधलं बरंचसं विष आधीच्या वापरात निघून गेलं होतं, एवढंच. रात्रभर डॉक्टर तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून काय बघत होते, माहीत आहे? बुबुळातली बाहुली बारीक होते का ते. फवारणीतली बरीचशी विषं किडीच्या मज्जातंतूंवर काम करतात. मज्जातंतूने दिलेला इशारा काम झालं की विझवणारा एक घटक शरीरात असतो. हे विष तो घटकच बंद पाडतं, मग इशारा विझत नाही. तोंडाला लाळ सुटते, उलट्या होतात, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि शेवटी छातीचे स्नायू श्वास ओढायचं सोडून देतात. किडीच्या अंगात जी यंत्रणा आहे तीच माणसाच्या अंगात आहे. बाटलीतलं विष कीड आणि माणूस यांत फरक करत नाही.

आता तुमची उत्तरं घेतो. होडीतच सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं होतं, “कॅन धुतला होता, सर!”

कशानं धुतला? साबणाच्या पावडरीनं, तीन वेळा. बरोबर. बाहेरून धुतला, आतून खळखळवला, साबणाचा वास येईपर्यंत. पण प्लॅस्टिक म्हणजे काच नव्हे. फवारणीचं विष बहुधा तेलकट द्रावणात कालवलेलं असतं आणि ते द्रावण महिनोन्महिने कॅनच्या भिंतीत मुरत जातं. पृष्ठभागावरचं तुम्ही धुतलंत, भिंतीत मुरलेलं तिथंच राहिलं. त्यात रात्री पाणी भरून ठेवलंत, सकाळी उन्हात होडीवर ठेवलंत. पाणी तापलं तसं आतलं हळूहळू बाहेर यायला लागलं. मोकळा डबा तीन वेळा विसळा असं शेतकी खात्याचे लोक सांगतात, ते खरं आहे. पण कशासाठी सांगतात? विसळलेलं पाणी पंपातच ओतावं, वाया जाऊ नये आणि डबा फेकताना त्यात विष राहू नये म्हणून. त्यातून पाणी प्यावं म्हणून नव्हे. विसळून झालं की डब्याला भोकं पाडायची, चेचायचा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी डबडी फोडून वस्तीपासून लांब पुरायला सांगितलं आहे. हा नियम तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे, आणि आपल्या गावातल्या प्रत्येक गोठ्यात तो रोज मोडला जातो.

तुमचं दुसरं उत्तर मला जास्त लागलं. “आमचे बाबा शेतात याच कॅनमधून पाणी पितात, त्यांना काही होत नाही.”

हे बोलणाऱ्या मुला, उभा राहू नकोस, नुसता ऐक. मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे. माझ्या वडिलांच्या बांधावरही असाच एक डबा होता. तुझ्या वडिलांना मी नावं ठेवत नाही. दुपारच्या उन्हात कापसाच्या रानात उभ्या माणसाला तहान लागते, जवळ जे भांडं असेल त्यातून तो पितो. नवा कॅन घ्यायचे पैसे आधी बियाण्याला जातात. पण “काही होत नाही” हे तुला कोणी सांगितलं? संध्याकाळी घरी आल्यावर डोकं ठणकतं, हात थरथरतात, जेवण नको वाटतं. त्याला आपण ऊन लागलं म्हणतो, अंगारा लावतो, झोपतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. ते फक्त श्वासातून आणि कातडीतून आत गेलं होतं. आणि तू घोटाने प्यायच्या पाण्याबद्दल बोलतोस.

एक शब्द आजपासून या वर्गात बंद. फवारणीच्या विषाला कुणी ‘औषध’ म्हणायचं नाही. आपल्या सगळ्या भागात तोच शब्द चालतो, “औषध मारायला गेलो”, “औषधाचा डबा”. घरातलं लहान पोर डब्याला औषध म्हणताना ऐकतं आणि त्याच्या मनातून भीती निघून जाते. विष आहे, विष म्हणायचं. घरीही म्हणायचं, वडिलांसमोर म्हणायचं. ते रागावले तर माझं नाव सांगा.

आता बिहारातल्या एका शाळेचं ऐका. सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव, १६ जुलै २०१३. शाळेत दुपारचं जेवण शिजलं. तेलाच्या डब्यात पूर्वी कीटकनाशक ठेवलेलं होतं. मोनोक्रोटोफॉस, आपल्या कापसावर मारायचे तेच. चव बरी नाही असं मुलांनी जेवतानाच सांगितलं होतं. तरी जेवण थांबलं नाही. तेवीस मुलं गेली. तुमच्यापेक्षा लहान, शाळेवर भरवसा ठेवून पानावर बसलेली. पुढे न्यायालयाने शाळेच्या प्रमुखांना दोषी ठरवलं. दोष त्यांचा होता, शिक्षा झाली. पण शिक्षेने तेवीसांतलं एकही घरी आलं नाही. तिथं मुलांचं कुणी ऐकलं नाही, आणि शनिवारी होडीत तुम्हीही त्या मुलीचं ऐकलं नाही. फरक एवढाच, की तिथं पूर्ण पान जेवून झालं आणि इथं दोन घोटांवर भागलं.

माझाही दोष आहे, तो मी सांगतो. निघताना मी होडी तपासली, तरंगणारी जॅकेटं मोजली, नावाड्याला विचारून घेतलं, मुलांच्या नावांची यादी तीनदा वाचली. बुडण्याची भीती माझ्या मनात होती. पिण्याच्या पाण्याची नव्हती. कॅनकडे मी पाहिलं आणि पुढे गेलो. पस्तीस वर्षांच्या नोकरीतली ही माझी सर्वांत मोठी चूक, आणि शाळेच्या नोंदवहीत मी ती माझ्या हाताने लिहून ठेवली आहे.

होडीत ही चूक का करायची नसते ते सांगतो. जमिनीवर पाणी खराब लागलं तर माणूस दुसऱ्या हापशावर जातो, शेजाऱ्याकडे तांब्याभर मागतो. होडीत भरून घेतलेलं तेवढंच पाणी. ते बिघडलं की चारी बाजूंनी पाणी दिसत असतं आणि प्यायला थेंब नसतो. म्हणून समुद्रावरची माणसं या बाबतीत आपल्याहून कितीतरी कडक असतात. जहाजाची पिण्याच्या पाण्याची टाकी वेगळी असते, तिच्यात दुसरं काहीही कधीच भरत नाहीत. भरायची नळीसुद्धा वेगळी, तिच्यावर खूण, तिची तोंडं झाकलेली, ती डेकवर लोळत ठेवायची नाही. परदेशी बंदरात जाणाऱ्या जहाजाला आरोग्याच्या तपासणीचा दाखला लागतो, त्यात पाण्याच्या टाक्याही बघतात, आणि त्या दाखल्याची मुदत सहा महिन्यांचीच असते. कोकणातले खलाशी ट्रॉलर घेऊन आठ-आठ दिवस समुद्रात राहतात. डिझेलची टाकी आणि पाण्याची टाकी यांत गल्लत झाली तर काय होईल हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

समुद्र लांबचा वाटत असेल तर लातूर घ्या, ते तर शेजारचं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. तुम्ही तेव्हा अगदी लहान होता. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्या गाडीच्या बातम्या त्यांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिल्या आहेत. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या टाक्या मुळात तेल वाहायच्या होत्या. शहराचा घसा कोरडा पडला होता, एकेक दिवस मोलाचा होता, तरी टाक्या आहेत तशा मिरजेला आणल्या नाहीत. राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात नेऊन त्या वाफेने धुतल्या आणि मगच पाणी भरलं. लाखो माणसं घागरी घेऊन वाट बघत असतानाही भांडं आधी बघितलं. तुम्हाला शनिवारी कसली घाई होती?

आणि त्या पोलादी टाक्या होत्या, वाफ सोसणाऱ्या. तुमच्या कॅनला वाफ दिली तर तो मऊ पडून वाकडातिकडा होईल. म्हणून तो धुऊन चालत नाही, तो टाकायचाच असतो.

या तालुक्यात पाण्यावरून केवढं बोलणं होतं. दिग्रसचा बंधारा आपला. त्याचं पाणी नांदेडसाठी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे निवेदनं निघतात, बैठका होतात, माणसं रस्त्यावर येतात. मी स्वतः त्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत आणि पुन्हा करीन. पण किती पाणी आलं यावर भांडणारी आपण माणसं, ते कशात साठवलं हे कधी विचारत नाही. नदीतून, बोअरमधून, टँकरमधून आलेलं पाणी शेवटी कुठल्या तरी भांड्यात थांबतं, आणि बिघडायचं ते बहुतेक वेळा तिथंच बिघडतं. भंगारातून आणलेला निळा पिंप, आधी त्यात काय होतं ते ना विकणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला. बुडावर छापलेला त्रिकोण आणि त्यातला आकडा दाखवून “चांगल्या प्लॅस्टिकचा आहे” म्हणतात. तो आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, पिंपात काल काय भरलं होतं ते सांगत नाही.

शनिवारी होडीत दोन मुलींनी घरून पितळी घागरी आणल्या होत्या, आतून चिंचेनं घासलेल्या, तोंडाला फडकं बांधलेल्या. तुम्ही त्यांना “आजीबाई” म्हणून चिडवलंत. त्या दोन घागरींवर अडतीस जणांनी परत येईपर्यंत तहान भागवली. चिडवणारेही त्यातलंच पाणी प्यायले.

आता उरलेली गोष्ट, आणि ही कॅनपेक्षा वाईट आहे.

दवाखान्यातून आल्यावर रविवारी मी शाळेत आलो आणि शिडी लावून गच्चीवर चढलो. दोन हजार लिटरची आपली काळी टाकी. झाकण तडकलेलं, त्यावर पत्रा, पत्र्यावर वीट. आत हात घातला तर बुडाला चिखलाचा थर आणि भिंतीला बुळबुळीत शेवाळ. काळ्या टाकीत शेवाळ यायला नको, कारण आत उजेड जात नाही. तडकलेल्या झाकणातून तो जातो, आणि धूळ, पाखरांची घाणही जाते. आणि टाकीच्या पोटावर पांढऱ्या रंगात काय लिहिलं आहे? “टाकी धुतल्याचा दिनांक”, आणि त्यापुढे याच महिन्याची तारीख.

ती तारीख तुमच्या स्वच्छता समितीने लिहिली. टाकी धुतली नाही. मागची तारीख पुसली आणि नवी घातली. नोंदवहीत सह्या आहेत. त्या सह्या बघून मीही माझी सही केली, वर न चढता. कॅनच्या बाबतीत तुम्ही म्हणू शकता, आम्हाला कळलं नाही. ही तारीख कळूनसवरून लिहिलेली आहे. पाचशे मुलं त्या टाकीचं पाणी पितात, आणि पालक फाटकातून वर बघून ती तारीख वाचतात.

समितीच्या खोलीतली टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवीही पाहिली. तोंड उघडं, खिडकीशी, उन्हात, पावडरीचे खडे झालेले. ताज्या पावडरीत शेकडा तेहतीसच्या आसपास क्लोरीन असतं. हवा आणि ऊन लागलं की ते उडून जातं आणि मागे नुसता चुना उरतो. तो चुना तुम्ही मुठीने टाकीत टाकत होता आणि वाटत होतं, पाणी शुद्ध झालं. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली पावडर लागते, आपल्या टाकीला दहा ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं. मग ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिनची, तपासणी, तोटीच्या पाण्यात थेंब टाकले की ते पिवळं व्हायला हवं. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे. पिवळं झालं नाही तर ते पाणी कुणी प्यायचं नाही. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं हे तुम्ही पाठ केलं आहे. आपल्या शाळेला आज कार्ड द्यायचं झालं तर मी लाल देईन.

मात्र हेही ध्यानात ठेवा. क्लोरीन जंतू मारतं. कॅनमधलं विष ते मारत नाही. उद्या कुणी विषाच्या डब्यात टीसीएल टाकून “आता चालतं” म्हणेल, म्हणून आत्ताच सांगतो. गाळून, उकळून, तुरटी फिरवूनही ते जात नाही. त्याला एकच उपाय आहे, ते भांडं पाण्यापर्यंत पोचूच न देणं.

आता काम ऐका. ज्यांच्या घरी, गोठ्यात, शेतात असे डबे पाण्यासाठी वापरात आहेत त्यांनी उद्या मला येऊन सांगायचं. नावं मी कुणाला सांगणार नाही, कुणाच्या बापाला बोल लावणार नाही. ज्यांना नवी घागर किंवा कॅन घेणं जमणार नाही त्यांची सोय मी आणि बाकीचे शिक्षक मिळून करू. डबे घरी फोडायचे नाहीत, मुलांनी त्यांना हातही लावायचा नाही. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून, वस्तीपासून लांब, त्यांना भोकं पाडायची. वडिलांशी बोलणं अवघड वाटत असेल तर मी येईन. संध्याकाळी येईन, शेतातून आल्यावर.

त्या सहावीतल्या मुलीची माफी तुम्ही वर्गासमोर नाही, तिच्या घरी जाऊन, तिच्या आईसमोर मागायची. सातही जणांनी. आणि तिला सांगायचं की पाणी कडू होतं, ती खरं बोलली होती. हे वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.

टाकीवरची ती तारीख मी काल पुसली आहे. येत्या शनिवारी सकाळी साडेसातला सगळ्यांनी यायचं. नवं झाकण मी आणलंय. टाकीत मी उतरणार, बादल्या तुम्ही वर द्यायच्या. घासून, धुऊन, भरून, ओटीचा थेंब पिवळा झाल्यावरच नवी तारीख लिहायची, आणि त्याखाली धुणाऱ्या प्रत्येकाचं नाव.